आजेसासूबाईंची पैठणी घडीवर चिरली आहे. ती पुन्हा नेसता येईल का?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी आहे, घरातल्या आठवणीप्रमाणे शंभरेक वर्षांची. लोखंडी ट्रंकेत ती वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून होती. आता उघडली तर घड्यांवर रेशीम चिरलंय, पदराची जर काळवंडली आहे आणि एका कोपऱ्यात पाण्याचा जुना डाग आहे. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. ड्रायक्लीन, रफू आणि रोल-पॉलिश करून ती मुलीला नेसवता येईल का, की परदेशात जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे विणूनच चित्र काढलेली भिंतीवर टांगायची कापडं, पुन्हा विणून काढतात तसं काही करावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागून. नेसवता येणार नाही. कितीही कुशल हातात दिली तरी नाही. वाचवता मात्र नक्की येईल, आणि मुलीच्या लग्नात ती मांडवात असेल अशी सोयही करता येईल. ड्रायक्लीन आणि रोल-पॉलिश या दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. आजच्या आज कुणाला दिली असेल तर परत आणा. ड्रायक्लीनच्या यंत्रात कापड ड्रममध्ये गरगर फिरतं. रोल-पॉलिशला साडी रुळांवर ताणतात, खळ आणि उष्णता देतात. धडधाकट साडीचं यात काही बिघडत नाही. तुमच्या साडीचे घडीवरचे तुकडे होऊन हातात येतील. मी पुण्यात २६ वर्षं जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते आणि असे तुकडे पिशवीत घालून आणलेली माणसं पाहिली आहेत. त्यांना काय सांगायचं ते मला अजूनही सुचत नाही.

तुम्ही टॅपेस्ट्रीचं नाव घेतलंत, ते अगदी योग्य जागी लागलं. कारण पैठणीचा पदर ही टॅपेस्ट्रीच आहे. बनारसी शालूत बुट्टा मूळ कापडात जादा धागा घालून उठवलेला असतो. तो झिजून निघाला तरी खाली कापड उरतं. भरतकामाचंही तेच, टाके गेले तरी जमीन राहते. पैठणीच्या पदरातला मोर तसा नसतो. त्याचा हिरवा बाणा, म्हणजे मागावरचा आडवा धागा, त्याच्या अंगापुरताच विणला जातो, कडेला शेजारच्या जरीच्या बाण्यात अडकतो आणि मागे फिरतो. चोच, डोळा, पिसारा, प्रत्येक रंगाचा धागा वेगळा. म्हणून तर जुनी हातविणीची पैठणी पाठपोट सारखी दिसते. तिथे चित्र कापडावर काढलेलं नाही, त्या चित्राचंच कापड आहे. तिथला ताणा, म्हणजे मागावर लांबीला ताणलेला धागा, तुटला की मोराची मानच निखळते आणि तिच्या जागी भोक उरतं.

आता ती चिरली का. शंभर वर्षांपूर्वीची चांगली जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली. पदराची सगळी जमीन त्या जरीची असते, आणि तिचं वजन पेलतो तो बारीक रेशमी ताणा. घडी घातली की चपट्या तारेची कड त्याच जागी ताण्यावर दाबते. वर आणखी दहा साड्यांचं ओझं. पावसाळ्यात रेशीम ओल धरून फुगतं, एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसतं, जर मात्र आहे तशीच राहते. दरवर्षी ही ओढाताण चालू. रेशीम स्वतःही घामानं, उजेडानं, वयानं ठिसूळ होत जातं. त्यामुळे चीर तुम्ही उघडलीत त्या दिवशी पडलेली नाही, त्या दिवशी ती फक्त दिसली. घरात कुणाला बोल लावू नका, हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी सासवा-सुना एकमेकींकडे बघायला लागतात.

परदेशातल्या पुनर्विणकामाबद्दल. पूर्वी ते सर्रास होत असे, आणि त्याचे परिणाम आज जाऊन बघता येतात. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात १५०० च्या सुमारास विणलेल्या सहा टॅपेस्ट्री आहेत, एक तरुणी आणि शिंग असलेला पांढरा घोडा, म्हणजे युनिकॉर्न, असं त्यांचं चित्र. १८४१ मध्ये त्या फ्रान्समधल्याच बूसाकच्या किल्ल्यात सापडल्या तेव्हा खालच्या कडा ओलीनं खराब झालेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकात त्या कडा नव्या लोकरीनं पुन्हा विणल्या, त्या काळच्या नव्या रासायनिक रंगात रंगवून. त्या दिवशी जोड कुणाला ओळखूही आला नसेल. पण नवे रंग उडाले. मंजिष्ठासारख्या मुळांतून काढलेले पाचशे वर्षांचे लाल अजून तग धरून आहेत आणि तळाचा पट्टा फिका पडलाय. म्हणजे दुरुस्ती मूळ कामाच्या आधी म्हातारी झाली. हे लक्षात घेऊन आता बहुतेक ठिकाणी पुन्हा विणणं टाळतात. जे उरलंय त्याला मागून आधार देतात, मोकळ्या जागेतून आधाराचं कापड त्याच रंगाचं दिसेल एवढंच बघतात.

त्याला लागणारा वेळही ऐकून ठेवा. इंग्लंडमधल्या हार्डविक हॉल या जुन्या वाड्यात बायबलमधल्या गिडियनच्या कथेवरच्या १३ टॅपेस्ट्री आहेत, १५७८ मध्ये विणलेल्या, जवळजवळ ६ मीटर उंच, एकापुढे एक लावल्या तर ७० मीटरहून लांब. जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं त्यांचं जतन १९९९ मध्ये हाती घेतलं आणि शेवटची टॅपेस्ट्री २०२३ मध्ये भिंतीवर परत चढली. २४ वर्षं. धुण्यासाठी त्या बेल्जियमला पाठवल्या, तिथे त्या सपाट पसरून वरून पाण्याचे बारीक तुषार सोडतात आणि खालून ते शोषून घेतात, म्हणजे भिजलेल्या लोकरीला स्वतःचं वजन उचलावंच लागत नाही. मग शिवणकाम इंग्लंडमध्ये, सुई-दोऱ्यानं, हातानं. या टॅपेस्ट्रींचं दुखणं आपल्या पदराच्या दुखण्याचं भावंडच आहे. त्या मागावर आडव्या विणतात आणि भिंतीवर उभ्या टांगतात, त्यामुळे मजबूत ताणा आडवा जातो आणि सगळं वजन बाण्यावर येतं. शतकानुशतकं टांगून बाणा थकतो. आपला पदर खांद्यावरून सुटतो तेव्हा जरीचा भार ताण्यावर येतो. कोण थकलंय ते आधी ओळखायचं आणि त्याचं ओझं दुसऱ्याकडे द्यायचं. माझ्या कामाचा गाभा एवढाच.

तुमची पैठणी माझ्या टेबलावर आली तर पहिले दोन-तीन दिवस मी सुई हातातही घेणार नाही. दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक चीर कागदावर मोजून काढायची, कुठला रंग कुठे आहे याची नोंद. पाठीचे फोटो जास्त काळजीनं, कारण आधार लावल्यावर पाठीचा काही भाग झाकला जाईल. पाठपोट सारखी असणं ही पैठणीची ओळख आहे, म्हणून मी सगळ्या साडीला अस्तर लावत नाही. फक्त दुखऱ्या पट्ट्यांपुरता पारदर्शक आधार देते आणि बाकीची पाठ उघडी ठेवते. यात आधार थोडा कमी मिळतो. ते मान्य करून मी हे निवडते.

मग धूळ. पदरावर नायलॉनची बारीक जाळी ठेवायची आणि अगदी कमी ओढीच्या व्हॅक्यूमनं जाळीवरून वीतभर जागा साफ करायची. भिंगाखाली ही धूळ काचेच्या चुऱ्यासारखी दिसते. तिच्या कडा रेशमाला कापतात, म्हणून ती काढणं हे सगळ्या कामातलं सगळ्यात फायद्याचं काम. घडीत कधी अक्षतेचा दाणा सापडतो, कधी अत्तराचा फाया. ते मी छोट्या पाकिटात घालून, जागा लिहून परत देते. कुंकवाचा डाग मी काढत नाही. घामाचा डाग रेशीम खातो, त्याचं काहीतरी करावंच लागतं. कुंकू कुणाचं वाकडं करत नाही, आणि ते तिथे कसं पडलं हे त्या साडीचंच आहे.

धुण्याचा विचार मी फार उशिरा करते. का ते सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका घरचा भरतकामाचा रुमाल माझ्याकडे आला होता. मी लाल तपासला, हिरवा तपासला, पिवळा तपासला. जांभळा दोनच पाकळ्यांत होता, तो राहिला. पाण्यात घातल्यावर पाचव्या मिनिटाला त्या दोन पाकळ्यांभोवती जांभळट कड पसरली. ती आजही त्या रुमालावर आहे आणि मला ती डोळे मिटून काढून दाखवता येईल. तेव्हापासून नियम असा: प्रत्येक रंगाच्या प्रत्येक छटेवर, नजरेआडच्या जागी, ड्रॉपरनं शुद्ध पाण्याचा एक थेंब. वर-खाली टीपकागद, त्यावर काचेचा तुकडा, त्यावर वजन, दहा मिनिटं. टीपकागद कोरा निघाला तर पुन्हा तेच, या वेळी साबणाच्या द्रावणानं. एकाच लालच्या दोन छटा असतील तर त्या दोन रंग धरायच्या, कारण विणकराचं रेशीम मध्येच संपलेलं असू शकतं आणि पुढचं दुसऱ्या घाण्यातलं असतं. रिठ्याचं पाणी चालेल का असं खूपजण विचारतात. घरच्या धडधाकट रेशमाला चालतं. जुन्या कामात मी वापरत नाही, त्याचा अंश आणि पिवळसरपणा मागे राहतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मला वाटतं, तुमची पैठणी पाण्यात घालायचीच नाही. पाण्याच्या डागाची तपकिरी कड टीपकागद आणि नियंत्रित ओलाव्यानं फिकी करता येईल, पूर्ण जाणार नाही.

चुण्या मात्र बऱ्याचशा निघतात. इस्त्रीनं नाही. ओलसर टीपकागद आणि साडी यांच्यामध्ये एक असा पडदा ठेवतात की त्यातून वाफेइतका ओलावा जातो, पाणी नाही. अर्ध्या तासात रेशीम सैलावतं. मग बोटांनी ताणा-बाणा सरळ करायचा, वर काचेच्या पट्ट्या ठेवायच्या आणि रात्रभर तसंच सोडायचं. चिरलेल्या जागी तुटलेले ताणे इकडे-तिकडे गेलेले असतात, ते चिमट्यानं एकेक आपल्या जागी आणायचे. एका वीतभर चिरेला अख्खी सकाळ जाते. ही सकाळ कुणाला दिसत नाही, पण नंतरचा प्रत्येक टाका तिच्यावर उभा असतो. ताणे वाकडे असताना टाका घातला तर वाकडेपणाच कायमचा शिवला जातो.

आता शिवणकाम. आधाराला मी क्रेपलीन नावाचं फ्रेंच रेशमी कापड वापरते. इतकं तलम की वर्तमानपत्रावर ठेवलं तर खालचं वाचता येतं. जड पदराखाली ते पुरत नाही, तिथे साधं पातळ रेशीम. दोन्ही पदराच्या रंगात मी स्वतः रंगवते. जुन्या जांभळ्याचा रंग जुळायला पंधरा-वीस नमुने सहज होतात, आणि तो दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी जुळवावा लागतो. दोरा त्याच क्रेपलीनच्या कडेचा एक तंतू ओढून घ्यायचा, केसाहून बारीक. सुई वाकडी, डॉक्टर टाक्यांना वापरतात तशी पण खूप लहान, म्हणजे कापड टेबलावरून न उचलता शिवता येतं.

चिरेला काटकोनात एक लांब दोरा टाकायचा, चिरेच्या दोन्ही बाजूंना दीडेक सेंटिमीटर धडक्या कापडात पोचेल असा. मग परत येताना त्या दोऱ्याला दर ३-४ मिलिमीटरवर एक आडवा, जेमतेम दिसेल न दिसेल असा टाका. शेजारचा दोरा थोडा आखूड, त्याच्या शेजारचा पुन्हा लांब. सगळे एकाच रेषेत संपवले तर ताण त्या रेषेवर गोळा होतो आणि पाच वर्षांनी तिथे नवी चीर पडते. सुई नेहमी दोन धाग्यांच्या मधून जायला हवी, धाग्यातून कधीच नाही. म्हाताऱ्या रेशमातून सुई गेली की हलकीशी कुरकुर जाणवते, कानाला नव्हे, बोटाला. ती जाणवली की सुई मागे घ्यायची आणि बारीकभर बाजूला सरकायचं. आणि दोरा ओढायचा नाही. तो नुसता टेकून राहिला पाहिजे. दोरा साडीपेक्षा कमजोर हवा, कारण उद्या ओढ बसलीच तर दोरा तुटावा, साडी नाही. चांगल्या दिवशी माझी तासाला दोन-अडीच सेंटिमीटर चीर होते. चाळीस मिनिटांनी मी उठते आणि खिडकीतून लांब बघते, नाहीतर नजर सवयीनं चुकायला लागते.

रफूबद्दल तुम्ही विचारलंत. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादच्या रफूगरांचं पश्मिन्यावरचं काम मी पाहिलंय आणि त्याच्यापुढे मी नम्र आहे. मला स्वतःला धाग्याची दिशा बघायला शिकवलं ते रविवार पेठेतल्या एका वयस्क रफूगर चाचांनी. ते कापड आधी उलटं करायचे, डोळे बाजूला वळवून नुसती बोटं फिरवायचे आणि नेमक्या कमजोर जागी थांबायचे. दोरा कधी बाजारातून आणायचे नाहीत, त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढायचे. पण एकदा मी एक चिरलेला रेशमी शेला त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन लगेच परत दिला. “बेटी, इसमें रफू पकड़ेगा किसको?” रफूत नवा धागा जुन्यात गुंफायचा असतो, आणि जुन्यातच दम नसेल तर नवा धागा त्याला कापत जातो. लोकरीची शाल तो पेलते, तुमचं रेशीम पेलणार नाही.

मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवून देऊ असं कुणी सांगितलं तर तेही नको. माझ्याकडे असा एक शेला आला होता, दुकानातून इस्त्रीनं चिकटवून दिलेला. पहिल्या वर्षी छान दिसला. चार पावसाळ्यांनी गोंद पिवळा आणि कडक झाला आणि कापड पापडासारखं मोडायला लागलं. तो गोंद सोडवायला मला पाच आठवडे लागले, आणि थोडा तसाच राहिला.

काळ्या जरीचं थोडक्यात. तो चांदीवर हवेतल्या गंधकानं आलेला थर आहे आणि तो जरीला फारसा त्रास देत नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सोनाराकडचं चांदीचं पाणी, यातलं काहीही लावू नका. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तो घासला की कायमचा गेला, आणि आम्ल तारेच्या आतल्या रेशमात मुरून बसतं. धूळ निघाल्यावर जर आपोआप थोडी उजळते. मला ती तेवढीच आवडते. पूर्वी जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरायचे आणि पदर जाळून चांदी काढायचे. किती पैठण्या तशा गेल्या असतील. तुमच्या आजेसासूबाईंनी ती दिली नाही, म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलतोय.

पदरासाठी आणि दोन मोठ्या चिरांसाठी मला साडेतीन-चार महिने लागतील, बाकीची साडी नुसती साफ करून, आधार न देता, नीट गुंडाळून ठेवता येईल. डिसेंबरपर्यंत पदर तयार होऊ शकतो. मुलीला सांगा की नेसायला ती नवी पैठणी घेईल, येवल्यात अजून हातावर विणणारे विणकर आहेत, आणि ही जुनी रुखवतात मांडू. कापसाची गादी दिलेल्या तिरक्या फळीवर पदर पसरायचा, बाकीची साडी मागे गुंडाळलेली. वरून काच नको, टेकली तर ओल धरते. फोकस लाइट नकोत, कापडाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड देऊ नये असा संग्रहालयांचा शिरस्ता आहे, आणि उडालेला रंग कुणालाच परत आणता येत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तूंपैकी अडीच हजारच मांडलेल्या असतात. मांडणीत नसणं ही कापडासाठी विश्रांती असते. रुखवतातही दोन-तीन तास पुरेत. हळद-कुंकू, अक्षता आणि सरबताचे पेले त्या टेबलापासून लांब, आणि हात लावू न देणारी एक मावशी शेजारी बसवा.

तोवर घरी एवढं करा. ट्रंकेतून काढा, पुन्हा त्याच घडीवर दुमडू नका. पदराला जुनी सेफ्टी पिन किंवा टाचणी असेल तर ती सहज निघत असेल तरच काढा, गंजून चिकटली असेल तर तशीच राहू द्या. डांबरगोळ्या बाजूला काढा. कसर लागलेली दिसली, म्हणजे बारीक भुसा किंवा कुरतडलेल्या कडा, तर मला आधी कळवा, त्यासाठी वेगळा उपाय आहे आणि बाकीच्या साड्याही तपासाव्या लागतील. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही कापडाच्या दुकानात तागा संपला की पुठ्ठ्याची जाड नळी उरते, ती मागून घ्या, मागितली तर देतात. नळी साडीच्या पन्ह्यापेक्षा वीतभर लांब हवी. तिच्यावर आधी अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, म्हणजे पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागणार नाही, मग धुऊन खळ काढलेलं मांजरपाट. दोघीजणी मिळून, अंगठ्या-बांगड्या काढून, जमिनीवर स्वच्छ चादर घालून, साडी आणि आणखी एक मांजरपाट असं एकत्र, सैलसर गुंडाळत जा. पदर सगळ्यात शेवटी, म्हणजे तो बाहेर राहील. नळी कपाटात आडवी ठेवा, वर काही ठेवू नका, आणि तशीच माझ्याकडे घेऊन या, पाऊस नसलेल्या दिवशी.